जिन्यावरची चेंगराचेंगरी

तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंचा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. माहेर वर्ध्याचं, त्यामुळे इथल्या पोरींची तेलुगू कानावर बसायलाच दोन वर्षं गेली. पण एक शब्द त्या दिवशी पहिल्या झटक्यात कळला.

४ डिसेंबर २०२४, बुधवार. साडेसातला तीन मिनिटं कमी. खाली उपम्याची फोडणी पडली होती, वर वेण्या-फण्यांची धांदल. मी दारात उभी राहून एकीच्या रिबिनीला गाठ मारत होते. आधी वाटलं, रेतीचा ट्रक गेला. पण ट्रक पुढे जातो, हा आवाज पायाखालीच घोटाळत राहिला. पिण्याच्या पाण्याचं पिंप भरलेलं होतं. पाणी काठावर येऊन एकाच बाजूनं सांडलं. तावदानं खडखडली आणि कुणीतरी किंचाळलं, "भूकंपम! भूकंपम!"

मग मी ओरडले, "पळा! बाहेर पळा!"

साठ मुली, एक जिना. खाली चॅनल गेट, त्याची एक बाजू कायम कुलूपबंद. मुलींच्या सुरक्षेसाठी तसंच ठेवायचं, असं वरून सांगितलेलं. कुलपाची किल्ली माझ्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये, अन् पर्स खोलीत. जमीन काही सेकंदांत शांत झाली, जिना मात्र नाही. सातवीतली एक जण शेवटच्या पायऱ्यांवर पडली आणि तिच्या हातावरून तिघी-चौघी गेल्या. नशीब की मनगट मुरगळण्यावर निभावलं. एकही वीट न पाडता भूकंप गेला. पोरीला लागलं ते माझ्या ओरडण्यानं.

त्या गडबडीत शहाणपणानं वागली ती एकटी आमची कामाठी मावशी. कढई तशीच सोडून, सिलिंडरचं बटण बंद करून मग बाहेर आली. मी विचारलं तर म्हणाली, "मंग काय मॅडम, पेटतं ठेवून येऊ?"

पोरी आत जायला तयार होईनात. उपमा मैदानातच वाढला, विजेच्या तारेपासून अन् पाण्याच्या टाकीपासून लांब. नंतर एकटी वर गेले. मुलींच्या लोखंडी पेट्या आम्ही जागा वाचवायला कपाटांवर रचायचो. त्यातली एक अर्धी सरकून बाहेर लोंबत होती. बरोबर खाली एक उशी. उशीवर कंगवा.

दुपारपर्यंत फोनवर सगळं आलं. तीव्रता ५.३, केंद्र तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात, खोली ४० किलोमीटर. आमच्यापासून सरळ रेषेत साठ किलोमीटरच्या आतच. चंद्रपूर, नागपूरपर्यंत जाणवला म्हणे. विदर्भात कुठले आलेत भूकंप, असं मीही म्हणायची. पण गोदावरीचं हे खोरं जुन्या भेगांचंच आहे. १९६९ च्या एप्रिलमध्ये भद्राचलमला ५.७ चा होऊन गेलेला.

आमच्याकडे गणिताचे सर औसा तालुक्यातले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ ला ते आठ वर्षांचे होते. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटेचे तीन छप्पन्न. किल्लारीचा तो भूकंप ६.२ चा, आणि जमिनीत बराच उथळ. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं वजनदार माळवद. हजारो माणसं झोपेतच गेली.

"आमच्याकडं जे अंगणात झोपले होते, ते वाचले," सर म्हणाले.

"मग मी पळा म्हटलं तर चुकलं काय?"

"घर बघून ठरवायचं मॅडम. कच्चं घर, दार दोन पावलांवर, तर निघायचं. इथं वरचा मजला अन् जिना. हलतंय तोवर जिन्यावर जायचंच नाही. खाटेखाली शिरायचं, डोकं झाकायचं, खाटेचा पाय धरून ठेवायचा. थांबलं की चालत बाहेर. पळत नाही."

त्या आठवड्यात पेट्या कपाटांवरून उतरून खाटांखाली पायथ्याकडे गेल्या, डोक्याकडची जागा शिरायला मोकळी. कपाटं भिंतीला पट्ट्यांनी ठोकली. दिवसा गेटच्या दोन्ही बाजू उघड्या, रात्रीची किल्ली आतून खिळ्याला, लाल गोंड्यासकट. तपासणीला कोणी आलं तर बोलणी मी खाईन. शनिवारी चौकीदार थाळी बडवतो. वाजतेय तोवर खाटेखाली, थांबली की रांगेनं मैदानात. पहिल्या वेळी नुसतं खिदळणं. चौथ्या वेळी चौकीदारच थाळी थांबवायला विसरला, अन् पोरी खाटेखालून हलल्या नाहीत.

मनगटवालीचे वडील तिला घरी न्यायला आले होते. रागावतील म्हणून मी धास्तावलेली. ते मोडक्या मराठीत म्हणाले, "आमचा घर पडला तरी माणूस मरत नाही मॅडम. कुडाच्या भिंती अन् वर कवेलू." मग जरा थांबून, "पन आता घरकुल बांधून राह्यलो. स्लॅबचा."

भिंती खिडकीच्या वरपर्यंत आल्या होत्या. मिस्त्री काँक्रीट फक्त दारा-खिडक्यांवरच टाकणार होता. मी म्हटलं, तिथूनच चारही भिंतींना सलग पट्टा फिरवून घ्या, म्हणजे हादऱ्यात भिंती एकमेकींपासून सुटत नाहीत. पोरीनं ते तेलुगूत सांगितलं. त्यांनी बोटानं हवेत चौकोन काढून पाहिला.

"सळाख किती लागंल?"

मी सरांना हाक मारली. दोघं विटेच्या तुकड्यानं फरशीवर आकडे मांडत बसले, आणि पोरगी बऱ्या हातात पिशवी धरून एसटीची वेळ झाल्याचं सांगत राहिली.