गोळ्या सुरू झाल्यावरच ताप का आला? माझा अनुभव

एचआयव्हीच्या गोळ्या, म्हणजे एआरटी, सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की काही जणांना जोराचा ताप भरतो, गाठी सुजतात, आणि घरचे म्हणतात या गोळ्याच बाधल्या, बंद कर. माझ्या आईचंही हेच चालू होतं, "आधी बरा होतास की रे!" म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, बीएस्सीपर्यंत शिकलोय, बाकीचं ओपीडीत डॉक्टरांना विचारून विचारून डोक्यात बसवलंय.

माझं निदान उशिरा झालं. वजन उतरत होतं, मानेला गाठ, संध्याकाळी कणकण. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात, रक्त दिलं, तिथं एका किटवर पॉझिटिव्ह आलं म्हणून लगेच रिपोर्ट देत नाहीत, वेगवेगळ्या तीन किटवर तपासतात. काउन्सेलर ताईंनी बसवून सांगितलं, बायकोचीही टेस्ट झाली, ती निगेटिव्ह. सीडी4, म्हणजे एचआयव्ही ज्या पांढऱ्या पेशी मारतो त्यांचा आकडा, आला 61, फारच कमी. गाठीतलं पाणी काढून सीबीनॅट (टीबीच्या जंतूची तपासणी) केलं तर टीबी.

तेव्हा आठवलं की काही वर्षांपूर्वी एकदा फ्लूसारखा ताप येऊन गेला होता, अंगावर पुरळ, घसा धरलेला, पॅरासिटामॉल घेऊन विसरलो. तो एचआयव्हीचाच होता का हे आता कोण सांगणार, पण लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत असा ताप बऱ्याच जणांना येतो. त्या दिवसांत व्हायरस बेफाम वाढतो, आणि शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडायला लागतात, ते निरोप म्हणजे सायटोकाइन. इंटरफेरॉन आधी, मग टीएनएफ, इंटरल्यूकिन-6 वगैरे. ताप, अंगदुखी हे बरंचसं या निरोपांचंच काम. गंमत म्हणजे (गंमत कसली!) हे निरोप ऐकून ज्या सीडी4 पेशी जाग्या होऊन धावत येतात, नेमक्या त्याच एचआयव्हीला सगळ्यात जास्त आवडतात. आतड्यातल्या सीडी4 तर पहिल्या काही आठवड्यांतच मोठ्या प्रमाणात जातात, मग आतड्याचं अस्तर कमजोर होतं, जंतूंचे तुकडे रक्तात झिरपतात, परत निरोप, परत नवीन पेशी, परत लागण. वर्षानुवर्षं हे आत चालू आणि माणूस वरून धडधाकट.

टीबी असला की दोन्ही औषधं एकदम चालू करत नाहीत. आधी एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, ती सोसली की साधारण दोन आठवड्यांनी टीएलडी, ही एआरटीची तीन औषधांची एकच गोळी, त्यातलं एक डोल्युटेग्रेविर. शिवाय डोल्युटेग्रेविरची एक जास्तीची गोळी बारा तासांच्या अंतराने, कारण टीबीचं रिफाम्पिसिन रक्तातलं डोल्युटेग्रेविर कमी करतं. हे मला सिस्टरनी गोळ्यांच्या डबीवर पेनने "सकाळ", "रात्र" लिहून दिलं, नाहीतर गोंधळच होता.

आणि मग तो ताप. सुपारीएवढी गाठ लिंबाएवढी झाली, लाल, गरम, मान वळवता येईना. सेंटरला गेलो तर डॉक्टरांनी आधी गोळ्या नीट घेतोय का विचारलं, मग टीबीचा जंतू औषधाला दाद देत नाही असं तर नाही ना ते परत तपासलं, दुसरं काही इन्फेक्शन नाही बघितलं, मगच म्हणाले, हा आयरिस आहे. म्हणजे काय, तर एआरटीने व्हायरल लोड (रक्तातल्या व्हायरसचं प्रमाण) खाली आला, सीडी4 परत यायला लागल्या, आणि गाठीतले टीबीचे जंतू, मेलेले असोत की जिवंत, इतके दिवस ज्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं ते आता त्यांना दिसले. मग इंटरफेरॉन गॅमा, टीएनएफ, इंटरल्यूकिन-6 यांचा एकच गलका. आईला मी एवढंच सांगितलं की प्रतिकारशक्ती परत आलीय आणि जरा जास्तच चिडलीय. सीडी4 फार कमी असताना सुरुवात करणाऱ्यांना हा धोका जास्त.

उपाय म्हणजे प्रेडनिसोलोन, आधी मोठा डोस मग हळूहळू उतरवत, ते हे निरोप तयार होणंच दाबतं. दोन दिवसांत ताप उतरला, पण झोप उडाली आणि भूक अशी की रात्री दोनला भाकरी शोधायचो. एकेटी आणि एआरटी मात्र एक दिवसही थांबवली नाही.

थांबवलं की काय होतं याचा स्मार्ट नावाचा मोठा अभ्यास 2006 साली आला होता, पाच हजारांवर लोक त्यात होते. सीडी4 बघून मधूनमधून औषध बंद ठेवलेल्या गटात आजार आणि मृत्यू जास्त निघाले, आणि नंतरच्या तपासणीत औषध थांबवल्यावर इंटरल्यूकिन-6 वाढलेलं सापडलं. आणि ते इम्युनिटी वाढवायचे काढे-पावडरी विकणारे भेटतात ना, त्यांच्यासाठी: इंटरल्यूकिन-2 ची खरीखुरी इंजेक्शनं देऊन बघितलीत संशोधकांनी, सीडी4 आकडा वाढला, पण लोकांचे आजार कमी झाले नाहीत, 2009 साली निकाल आले. तुमची पावडर राहू द्या.

सहा महिन्यांच्या व्हायरल लोडवर "टीएनडी" आलं, म्हणजे व्हायरस सापडलाच नाही. सीडी4 अजून 300 च्या आत आहे, ते हळूहळू चढतं.

नवीन गोळ्या चालू केलेल्यांनी ताप आला तर सेंटरला जायचं, आणि डोकं खूप दुखून उलटी, धूसर दिसणं, झटका किंवा दम लागला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. कवटीच्या आत अशी सूज आली तर जिवावर बेतते, म्हणूनच मेंदूचा टीबी असेल तर डॉक्टर एआरटी मुद्दाम थोडी उशिरा चालू करतात. कुणाला विचारायचं असेल तर 1097 या एचआयव्ही हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.