टाकी उपसण्याआधी तपासली म्हणून कळलं: जुनं घर घेतानाचा माझा अनुभव

घर आम्हाला पहिल्या भेटीतच आवडलं होतं. भरपूर उजेड, मागे मोकळी जागा, आणि तिथल्या एका कोपऱ्यात दाट गवत. बाकी सगळं अंगण उन्हाने करपलेलं, तेवढाच तुकडा हिरवागार. इथे बाक टाकू, असं मी बायकोला म्हणालोही होतो. त्या गवताखाली शोषखड्डा, म्हणजे टाकीतलं सांडपाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, आहे हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

आम्ही दोघंही फ्लॅटमध्ये वाढलेलो. फ्लश केलं की पुढचा विचार कधी करावाच लागला नव्हता. या घराला मात्र सार्वजनिक गटार नव्हतं. संडास, मोरी, स्वयंपाकघर, सगळ्याचं पाणी सेप्टिक टँकमध्ये आणि तिथून जमिनीत. घराचे मालक सत्तरीच्या पुढचे, मनाने चांगले. ते आपणहून म्हणाले, "ताबा देण्याआधी टाकी उपसून देतो, म्हणजे तुम्हाला काही बघायला नको."

मला बरं वाटलं. तपासणीसाठी ज्यांना बोलावलं होतं त्यांना मी फोनवर हे सांगितलं, तर ते घाईने म्हणाले, "आधी त्यांना थांबवा. रिकाम्या टाकीत मला काय दिसणार? पाणी कुठवर उभं आहे, गाळ किती साचलाय, वर साय किती जमलीये, यावरूनच तर टाकीची तब्येत कळते. उपसायची ती माझ्यासमोर उपसू."

जुनं घर घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच आधी सांगतो. आमचा निम्मा प्रश्न त्या एका फोनने सुटला.

तपासणीच्या दिवशी आधी बराच वेळ नुसती चौकशी चालली. घरात किती माणसं राहायची? टाकी शेवटची कधी उपसली? घर किती दिवस बंद आहे? टाकीचा नकाशा आहे का? नकाशा नव्हता. घर तीन महिने बंद होतं. शेवटचा उपसा कधी झाला, हे मालकांना आठवेना. मग झाकणांचा शोध सुरू झाला. संडासाचा पाइप ज्या दिशेने बाहेर पडतो त्या रेषेत लोखंडी सळई टोचत टोचत तपासनीस पुढे सरकत होते. पहिलं झाकण फरशीखाली निघालं, दुसरं मोठ्या कुंड्यांच्या खाली. मालकांना एकच झाकण माहीत होतं. इतकी वर्षं टाकीचा फक्त पाणी आत येणारा भाग कोणीतरी उघडून बघितला असणार. जिथून पाणी बाहेर जातं तो कप्पा कधी उघडलाच नव्हता.

झाकण उघडण्याआधी त्यांनी आम्हाला मागे सरकवलं. शेजारचं एक पोरगं बघायला आलं होतं, त्याला घरी पाठवलं. टाकीत मिथेन असतो, हायड्रोजन सल्फाइड असतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वास कळेनासाच होतो. त्यामुळे 'वास येत नाही म्हणजे धोका नाही' हा समज माणसाचा जीव घेतो. एक जण आत कोसळतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही जातो. ते स्वतः वाकलेसुद्धा नाहीत. लांब दांडीला बॅटरी आणि कॅमेरा लावून सगळं वरूनच बघितलं. तपासणीसाठी म्हणून कोणालाही टाकीत उतरवू नका, कितीही अनुभवी माणूस असला तरी.

मोजमाप करायला त्यांच्याकडे लांब पारदर्शक नळी होती. ती सरळ तळापर्यंत घालून वर काढली की आतले थर जसेच्या तसे नळीत दिसतात. तळाला काळा चिकट गाळ, मधे गढूळ पाणी, वर तपकिरी साय. टाकीत पाण्याची खोली दीड मीटर होती. त्यात गाळ 62 सेंटिमीटर आणि साय 15. म्हणजे निम्म्याहून जास्त टाकी भरलेली. गाळ आणि साय मिळून एक तृतीयांश खोली झाली की उपसा करायचा, असा ढोबळ हिशोब असतो; साधारणपणे तीन ते पाच वर्षांनी ती वेळ येते. सांडपाणी टाकीत किमान दिवसभर तरी शांत उभं राहायला हवं, तर जड ते खाली बसतं आणि हलकं वर तरंगतं. जागाच उरली नाही की मैला न बसता पाण्याबरोबर पुढे निघून जातो.

पाण्याची पातळी मात्र बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या बुडाशी, म्हणजे असावी तिथेच होती. मी सुटकेचा श्वास टाकला. तपासनीस म्हणाले, "घर तीन महिने बंद आहे, हे विसरू नका. जमिनीला सुकायला वेळ मिळालाय." मग त्यांनी बॅटरी भिंतीवर धरली. पाइपाच्या वर वीतभर उंचीवर एक काळपट रेघ होती, भांड्यात चहा बराच वेळ राहिला की कडेला उमटते तशी, आणि ती चारही भिंतींवर एकाच उंचीला. पाणी कधीकाळी तिथवर चढून बरेच दिवस उभं राहिलं होतं. म्हणजे पुढे तुंबलं होतं.

बाहेर जाणाऱ्या पाइपासमोर काँक्रीटचा आडोसा असतो, साय पुढे जाऊ नये म्हणून. हायड्रोजन सल्फाइडपासून पाण्याच्या पातळीच्या वर, ओलसर भिंतींवर आम्ल तयार होतं आणि ते काँक्रीट खातं. दांडीने जरा टेकवलं तर त्या आडोशाचा कपचा सुटून खाली पडला. अर्धा तर आधीच गळून गेलेला.

मग घरातले सगळे नळ सोडले. भरलेल्या घरात चार माणसं दिवसभरात वापरतील तेवढं पाणी सोडायचं ठरलं होतं. पाऊण तासात पातळी पाइपाच्या वर चार बोटं चढली आणि नळ बंद केल्यावरही उतरेना. काही जण फक्त रंग टाकून बघतात: फ्लशमध्ये रंग सोडायचा आणि तो जमिनीवर कुठे फुटतो का ते पाहायचं. रंग दिसला तर बिघाड नक्की. पण दिसला नाही म्हणून सगळं ठीक, असं धरता येत नाही. टाकीत आधीच एवढं पाणी असतं की रंग पुढे पोचायलाच वेळ लागतो.

शेवटी टँकर लावून टाकी उपसली. तळ दिसायला लागला तेव्हा तपासनिसांनी मला कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. ज्या पाइपातून पाणी बाहेर जायचं, त्यातूनच काळं पाणी बारीक धारेने टाकीत परत येत होतं. शोषखड्डा काठोकाठ भरला होता आणि जागा मिळताच मागे वाहत होता. हिरव्या गवताचं कारण तेव्हा उमगलं. सुदैवाने टाकीला तडा नव्हता. एका सांध्यात झाडाची मुळं शिरलेली, तेवढंच.

आधीच उपसून ठेवली असती तर आम्ही स्वच्छ टाकी बघून खूश झालो असतो आणि पहिल्या पावसाळ्यात संडास उलटा भरला असता.

मालकांना हे सांगणं मला जड गेलं. ते खाली बसून म्हणाले, "अहो, मला खरंच माहीत नव्हतं. पाणी जात होतं, म्हणून बघितलं नाही." त्यांच्यावर माझा विश्वास बसला, आजही आहे. किंमत कमी करून घेण्यापेक्षा काम खरेदीखताआधी करून घ्यायचं ठरलं, कारण नवीन शोषखड्ड्याला परवानगी मिळेल का आणि तिथली जमीन पाणी पिईल का, हे आधी कळायला हवं होतं. खड्डा खणून, भिजवून, पाणी किती वेळात किती उतरतं ते मोजलं. विहिरीपासूनचं अंतर धरलं. नियम जागोजागी वेगळे असले तरी साधारण 15 ते 30 मीटरच्या दरम्यान असतात. विहिरीच्या पाण्याची जिवाणू आणि नायट्रेटसाठी तपासणीही तेव्हाच करून घेतली. ती ठीक आली, त्या रात्री आम्ही शांत झोपलो. गच्चीचं पावसाचं पाणी टाकीत सोडलेलं होतं, ते तोडून वेगळं काढलं. दोन्ही झाकणं जमिनीच्या पातळीवर आणून त्यांना कुलूप बसवलं, आणि काम झाल्यावर त्याच तपासनिसांना परत बोलावून पुन्हा पाणी सोडून बघितलं. या सगळ्यात दोन महिने गेले.

आता वर्षातून एकदा नळी घालून गाळ मोजून घेतो आणि वहीत लिहून ठेवतो. ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, उरलेलं तेल, काही आत जात नाही. जिवाणू वाढवणारी पावडर विकायला लोक येतात. ती घेत नाही, मैल्यात जिवाणू असतातच. नवीन शोषखड्ड्यावर गाडी उभी करू देत नाही. टाकीचा नकाशा मी हाताने काढलाय, घराच्या कोपऱ्यापासून दोन्ही झाकणांची अंतरं घालून. तो मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवला आहे, आणि त्याखाली उपशाच्या तारखा लिहायला जागा सोडली आहे.