तुम्ही विचारलंत म्हणून: या मुलांना शिकवता तरी काय?

लग्नाकार्यात कुणीतरी हमखास विचारतं, "तुमच्या शाळेतली मुलं बोलत नाहीत, बरीचशी चालतही नाहीत. मग शिकवता तरी काय?" तीव्र बौद्धिक अक्षमता आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं) असलेल्या मुलांचा वर्ग माझ्याकडे आहे.

गेल्या वर्षी अकरा वर्षांच्या एका मुलाला चमच्याने जेवायला शिकवलं. मूठ नीट वळत नाही, म्हणून दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड केला. ताटली सरकू नये म्हणून खाली ओला रुमाल. सुरुवात शेवटाकडून करायची. त्याच्या हातावर माझा हात. वरणभात भरून चमचा ओठांजवळ मी न्यायचा, शेवटची दोन बोटं अंतर त्याने कापायचं. घास स्वतःच्या हाताने तोंडात गेला की पुन्हा करावंसं वाटतं. तेवढं जमलं की माझा हात जरा आधी सुटतो. सात महिने लागले. एक दिवस आई न्यायला आली, तेव्हा तो एकटा जेवत होता. त्याचं होईपर्यंत ती दारातच उभी राहिली.

दुसरं शिकवतो ते 'नको' म्हणायला. मान फिरवून, चित्राला हात लावून, जमेल तसं. मला हे चमच्याहून मोठं वाटतं. नको म्हणता न येणाऱ्या मुलाला कुणीही कसंही हाताळतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 नुसार 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, विशेष शाळेतही. पण एका चमच्याला सात महिने लागणाऱ्या मुलाला अठराची तीच रेघ? मला हे मान्य नाही. शिकणं रंगात येतं आणि मूल घरी बसतं. वर्षभरात हात पुन्हा आखडलेले मी पाहिलेत.

आणखी एक, पालकांना मी आवर्जून सांगते: मूल अठराचं झालं की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. अनेकांना हे बँकेच्या खिडकीशी कळतं.

तो मुलगा आता बारा वर्षांचा आहे. सध्या पेला चालू आहे. दोन्ही हातांनी धरतो, मी अर्धाच भरते.