आगमनकाळाची कामे: सायकलची रिम, कंदिलांचे सांगाडे आणि दानपेटी

यंदा आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांचा तयारीचा काळ, ३० नोव्हेंबरला सुरू झाला आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी वसईतील आमच्या अंगणात हाती घेतलेले नाताळचे काम तिसऱ्या रविवारपर्यंत बरेच पुढे सरकले आहे. टाकाऊ वस्तूंपासून सजावट करण्याचा छंद असलेल्या मंडळींना उपयोगी पडावेत म्हणून त्यातले बारकावे येथे नोंदवत आहे. आमचा नियम एकच आहे: सजावट जुन्या वस्तूंची करायची, दान मात्र नव्या वस्तूंचेच द्यायचे, आणि सजावटीत वाचलेला रुपया दानपेटीत टाकायचा.

पहिल्या रविवारी चार मेणबत्त्यांचे, दर रविवारी एक जास्त मेणबत्ती पेटवायचे आगमनचक्र तयार झाले. जर्मन धर्मशास्त्रज्ञ योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३९ मध्ये हॅम्बुर्ग येथील गरीब मुलांच्या आश्रमात आगमनचक्र लावले, तेही गाडीच्या जुन्या चाकावर, हे सांगितल्यावर मुलांनी सायकलची गंजलेली रिम शोधून आणली. मेण २ नोव्हेंबरचे होते. मृतांच्या स्मरणदिनी दफनभूमीत लावलेल्या मेणबत्त्यांचे वितळून उरलेले तुकडे तेव्हाच गोळा करून ठेवले होते. मेण थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात मोठ्या माणसांनी वितळवावे, आणि रंगासाठी त्यात मेणाचे खडू घालू नयेत, कारण खडूतला रंग वातीत अडकतो आणि ज्योत विझू लागते. आम्ही मेणबत्त्या पांढऱ्याच ठेवल्या आणि तीन जांभळ्या व एक गुलाबी अशा कापडी चिंध्या खाली रिमला, ज्योतीपासून दूर, बांधल्या.

ताऱ्यांचे काम सर्वांत रंगले. दिवाळीनंतर माळ्यावर जाणारे किंवा कचऱ्यात पडणारे आकाशकंदिलांचे सांगाडे मुलांनी शेजारच्या घरांतून मागून आणले, त्यांवरचा फाटका कागद काढला आणि कामट्या सोडवून घेतल्या. पाच कामट्यांचा एक तारा, असे दोन तारे पाचही टोकांना एकत्र बांधायचे आणि आतल्या पाच कोपऱ्यांत बोटभर लांबीच्या आडव्या काड्या बसवायच्या, म्हणजे तारा फुगीर होतो. कामट्या एकमेकींना कोठे छेदतात हे आधी मोजून खुणा केल्यास तारा वाकडा होत नाही: ५० सेंटिमीटरच्या कामटीवर दोन्ही टोकांपासून १९.१ सेंटिमीटरवर खूण करावी, मधला भाग ११.८ सेंटिमीटर उरतो. लांबी वेगळी असेल तर तिला ०.३८२ ने गुणावे. सातवी-आठवीतल्या मुलांनी हा गुणाकार स्वतः केला आणि धाकट्यांना खुणा करून दिल्या. चिकटवण्यासाठी मैद्याची खळ वापरली. कीड लागू नये म्हणून पुस्तके बांधणारे बाइंडर खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी असल्यामुळे मुलांच्या हातात मुळीच देऊ नये. थोडी तुरटी पुरते. आत एलईडी दिवाच लावावा, कारण आत तार असलेला जुना बल्ब तापतो. ज्या घरी तारा गेला, त्या घराने बाजारातल्या ताऱ्याला पडले असते तेवढे पैसे पेटीत टाकले.

येशूजन्माच्या देखाव्यातील गोठ्यासाठी थर्माकोलचा विचारही केला नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि डोंगरासाठी मातीच्या पातळ राबडीत बुडवून वाळवलेले गोणपाट त्याहून कितीतरी खरे दिसते. मूर्ती कागदाच्या लगद्याच्या आहेत. वर्तमानपत्रे रात्रभर भिजवून कुटली आणि टोपल्या लिंपताना जुन्या बायका करीत तशी वाटलेली मेथी त्यात मिसळली; मेथीने लगदा धरून राहतो. मरिया, योसेफ आणि मेंढ्या वाळल्या आहेत, बैल अजून आतून ओला आहे. गव्हाणी रिकामी आहे: कोणाला न सांगता एखादे चांगले काम केले की मुलाने भाताच्या पेंढ्याची एक काडी तिच्यात ठेवायची आणि २४ डिसेंबरच्या रात्री त्या पेंढ्यावर बाळ येशूची मूर्ती ठेवायची, अशी प्रथा आम्ही पाळतो.

दानाविषयी मुलांमध्ये खरी चर्चा झाली. जुन्या वह्यांतील कोरी पाने काढून, दुमडून, दाभणाने भोके पाडून त्यांनी पुठ्ठ्याच्या नव्या वह्या शिवल्या होत्या आणि त्या जव्हारकडच्या एका आश्रमशाळेतील मुलांना द्याव्यात असे बहुतेकांचे म्हणणे होते. तेवढ्यात एका मुलीने विचारले, “या वह्या आपण स्वतः शाळेत नेऊ का?” वह्या मजबूत होत्या, पण निरनिराळ्या आखणीची पाने एकत्र आल्यामुळे गृहपाठासाठी कोणी त्या नेल्या नसत्या. अखेर शिवलेल्या वह्या कच्च्या कामासाठी मुलांनी स्वतःकडे ठेवल्या आणि पेटीतील पैशांतून नव्या, एकसारख्या आखणीच्या वह्या घ्यायचे ठरवले. हा निर्णय मला या हंगामातील सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याला नको असलेली वस्तू दुसऱ्याला दिल्याने आपली जागा तेवढी मोकळी होते. अशा देण्याला दान म्हणायला मुले तयार नव्हती, आणि ते बरोबरच होते. शाळेच्या शिक्षकांना विचारल्यावर वह्यांपेक्षा कंपासपेट्या आणि थंडीसाठी स्वेटर अधिक हवेत असे कळले, त्यामुळे यादी पुन्हा बदलली.

चौथ्या रविवारपर्यंत मूर्तींना गेरू, चुना आणि कोळशाचे रंग द्यायचे आहेत, बैल उन्हात राहील. स्वेटरांची मापे शाळेकडून आली की पेटी उघडून खरेदी करू आणि रक्कम कमी पडल्यास आणखी काही तारे बांधू. कामट्या शिल्लक आहेत.