यंत्रकासव, आरसा आणि 'मी'

ब्रिस्टलच्या बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये मेंदूचे अभ्यासक विल्यम ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ मध्ये दोन यंत्रकासवं बनवली, एल्मर आणि एल्सी. प्रत्येकात दोन व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायचे तसे), दोन रिले (विजेवर चालणारे स्विच), दोन मोटर, उजेड ओळखणारा एक फोटोसेल आणि टपाला धक्का लागला की जुळणारा एक स्विच. उजेड दिसत नसेल तेव्हा फोटोसेलसकट पुढचं चाक गोल वळत राहायचं. उजेड दिसला की वळवणारी मोटर थांबायची आणि कासव त्या दिशेने निघायचं. डोक्यावर छोटा दिवा होता. तो वळवणाऱ्या मोटरबरोबर लागायचा आणि तिच्याबरोबरच विझायचा.

सगळी करामत या दिव्याची. आरशात स्वतःचा दिवा दिसला की मोटर थांबते, म्हणून दिवा विझतो. विझला की दिसायला काही उरत नाही, म्हणून मोटर पुन्हा चालू आणि दिवाही. कासव आरशापुढे लुकलुकत, अडखळत नाचतं. हेच एखाद्या प्राण्याने केलं असतं तर त्याला थोडीफार आत्मजाणीव आहे असं लोकांनी मानलं असतं, असं वॉल्टर यांचं म्हणणं होतं.

मला ते पटत नाही. त्या सर्किटमध्ये 'माझा दिवा' आणि 'दुसऱ्याचा दिवा' यांत फरक करणारा एकही भाग नाही. हे घरी तपासून पाहता येतं.

साहित्य: अर्डुइनो उनो (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड), दोन गिअर मोटर, मोटरला वीज पुरवणारा टीबी६६१२ ड्रायव्हर, दोन १८६५० सेल (रिचार्ज होणारे लिथियम), एक एलडीआर (उजेडानुसार रोध बदलणारा भाग) आणि त्याच्याबरोबर १० किलोओहमचा रेझिस्टर, पांढरा एलईडी आणि त्याच्यासाठी २२० ओहमचा रेझिस्टर. एल२९८एन ड्रायव्हर सहज मिळतो, पण दोनेक व्होल्ट तोच खातो. दोन्ही सेल एकापाठोपाठ जोडून भरलेले असताना ८.४ व्होल्ट देतात, ते मोटरला जास्त होऊ नयेत म्हणून पीडब्ल्यूएम (मोटरला किती वीज द्यायची तो आकडा, ० ते २५५) १८० च्या वर नेऊ नका. एलडीआर दोन सेंटिमीटर लांब काळ्या नळीत बसवा, एलईडी त्याच्या वर. प्रोग्रॅम दोन ओळींत सांगता येतो: अंधार असेल तर गोल फिर आणि एलईडी लाव, उजेड असेल तर सरळ जा आणि एलईडी विझव.

बिघडतं ते बहुतेक वेळा उजेडाच्या मोजणीत. एलईडीचा उजेड बाजूने नळीत झिरपला तर आरसा नसतानाही लुकलुक सुरू होते. अंधाऱ्या खोलीत नळीच्या तोंडावर काळा कागद धरून आधी हे तपासा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे साध्या चोकवाल्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. २० मिलिसेकंदांतल्या नोंदींची सरासरी घेतली की तो त्रास जातो. मोटरच्या दोन टोकांत १०४ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा, नाहीतर मोटर चालू होताच आकडे उड्या मारतात. आणि एलडीआरच्या जागी फोटोट्रान्झिस्टर लावायचा मोह टाळा. तो इतका चपळ असतो की लुकलुक डोळ्यांना दिसतच नाही, एलईडी नुसता मंद वाटतो. एलडीआरचा आळस इथे कामाचा आहे.

आता आरसा काढा आणि समोर तसंच दुसरं कासव ठेवा. तीही एकमेकांच्या दिव्याला भुलून अडखळतात. ताल वेगळा असतो, पण तो फरक आपल्याला दिसतो, कासवाला नाही.

फरक कासवाला कळावा असं वाटत असेल तर एक पायरी वर जावं लागतं. कासव जागेवर उभं ठेवा. एलईडी दर २५० मिलिसेकंदांनी यादृच्छिक पद्धतीने लावा किंवा विझवा, आणि प्रत्येक तुकड्याच्या २०० व्या मिलिसेकंदाला एलडीआर वाचा. आठ सेकंदांत ३२ जोड्या मिळतात. 'मी केलं' आणि 'मला दिसलं' यांत २८ किंवा जास्त जुळल्या तर समोर दिसतोय तो आपलाच दिवा. योगायोगाने एवढं जुळण्याची शक्यता लाखात एकच्या आसपास. पण तपासणी प्रत्येक तुकड्याला केली तर तासाला १४,४०० वेळा होते, म्हणून सलग दोन वेगळे बत्तीस जुळले तरच माना. दुसऱ्या कासवाचं टप पांढरं असेल तर त्यावरून परतलेला उजेडही 'मी' ठरतो. त्याला काळा कागद चिकटवा.

इथे एक चूक हमखास होते, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. अर्डुइनोला यादृच्छिक क्रम जिथून सुरू होतो तो बीज-आकडा दिला नाही तर तो दर वेळी तोच यादृच्छिक क्रम काढतो. एकच प्रोग्रॅम भरलेली दोन कासवं एकाच स्विचने चालू करून समोरासमोर ठेवा: प्रत्येकाला समोरचं कासव म्हणजे आपणच वाटतं. मग हळूहळू बिनसतं. उनोचं घड्याळ सिरॅमिक रेझोनेटरवर चालतं. दोन बोर्डांत अर्ध्या टक्क्याचा फरक असेल तर ५० सेकंदांत एक अख्खा तुकडा घसरतो आणि त्याआधीच जुळणी मोडते. म्हणजे त्या दोघांना वेगळं करतो तो एका स्वस्त सुट्या भागातला दोष.

काहीच न जोडलेल्या पिनवर वाचलेला आकडा बीज म्हणून घेणं खात्रीचं नाही, तिथले आकडे बऱ्याचदा थोडक्याच पट्ट्यात फिरतात. प्रत्येक बोर्डाच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) वेगळा आकडा कायमचा लिहून ठेवा.

चॅटबॉटबद्दल 'त्याला व्यक्तिमत्त्व आहे का' असं विचारतात तेव्हा मला हा बीज-आकडा आठवतो. तिथे एकाच मॉडेलवर हजारो संभाषणं एकाच वेळी चालतात. दोन संभाषणं वेगळी होतात ती आधीच्या मजकुरामुळे आणि पुढचा शब्द निवडताना काढलेल्या यादृच्छिक आकड्यामुळे. 'कुणाचं' व्यक्तिमत्त्व, हे आधी ठरवायला हवं: मॉडेलचं की त्या एका संभाषणाचं? जाणिवेचा प्रश्न त्याच्याही पुढचा, आणि लुकलुक जुळली म्हणून तो सुटत नाही.

शेवटचा प्रयोग म्हणून दोन कासवांचे ईईप्रॉममधले आकडे अदलाबदल करून पाहा. लुकलुकण्याचा क्रम इकडचा तिकडे जातो. पण एखादं कासव मोटरमधल्या फरकामुळे सरळ जाताना डावीकडे ओढत असेल, तर ती खोड त्याच्याच चाकांत राहते. अदलाबदलीआधी दोन्हींच्या टपावर रंगाचा ठिपका द्या, नाहीतर नंतर कुठलं कुठलं ते सांगता येत नाही.