क्रँक, इलेक्ट्रॉनिक गिअर आणि मधले अडीच मिलिमीटर

सायकलला इलेक्ट्रॉनिक गिअर बसवायचे म्हटले की बॅटरी, वायरी आणि मोबाइलवरचे ॲप यांचीच धास्ती बहुतेकांना वाटते. माझ्याकडे ही सगळी कामे विनातक्रार पार पडली आणि गाडी अडली ती क्रँकपाशी, म्हणजे पेडल ज्या दांड्यांना लागतात त्या भागापाशी, ज्याचा विजेशी काहीही संबंध नाही. इंदूरहून खंडवा रस्त्याने भेरूघाट किंवा महूपलीकडचा जानापावचा चढ ज्यांना नियमित चढायचा असतो, त्यांना पुढची चेनरिंग (क्रँकवरचे दातेरी चक्र) लहान असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे.

शिमानो कंपनीचा, रोड (डांबरी रस्त्याच्या) सायकलींसाठीच्या १०५ मालिकेतला डीआयटू (इलेक्ट्रॉनिक गिअरांचा) संच, म्हणजे २०२२ साली आलेला बारा गिअरांचा, मी घ्यायचे ठरवले होते. या मालिकेत ५०/३४ दात्यांचा, म्हणजे मोठ्या चेनरिंगला ५० आणि लहानीला ३४ दाते असलेला, क्रँक मिळतो, मला मात्र चढासाठी ४६/३० हवा होता. परगावच्या ज्या विक्रेत्याकडून संच मागवला, त्याने ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यांच्या) सायकलींसाठीच्या जीआरएक्स मालिकेतला ४६/३० क्रँक सुचवला आणि ‘कंपनी एकच, दोन्ही बारा गिअरांचे, त्यामुळे बसणारच’ असे लेखी कळवले. वरवर पाहता सर्व काही जुळतही होते. दोन्ही क्रँकचा आस २४ मिलिमीटरचा असल्यामुळे बॉटम ब्रॅकेट (आस ज्यात फिरतो ते बेअरिंग) बदलावे लागणार नव्हते, आणि दोन चेनरिंगांमधला सोळा दात्यांचा फरक पुढच्या डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेच्या) मर्यादेत होता.

रामबागेतल्या आमच्या मिस्त्रींनी संच बसवला, तेव्हा मागचे गिअर पहिल्याच प्रयत्नात नीट चालले. पुढे मात्र चेन मोठ्या चेनरिंगवर चढताना अडखळे, आणि चढली तरी मागच्या लहान दातचक्रांवर असताना डिरेलरच्या बाहेरच्या पट्टीला घासत राही. बाहेरच्या बाजूची मर्यादा ठरवणारा स्क्रू शेवटपर्यंत सैल करूनही घर्षण थांबेना.

याचे कारण चेनलाइन. सायकलच्या मध्यरेषेपासून दोन चेनरिंगांच्या मधोमधपर्यंतचे अंतर म्हणजे चेनलाइन. बारा गिअरांच्या रोड क्रँकमध्ये ते ४४.५ मिलिमीटर असते, तर जीआरएक्स क्रँकमध्ये सुमारे ४७. ग्रॅव्हल सायकलीचे मागचे टायर रुंद असते, म्हणून तिथे चेनरिंग मुद्दाम अडीच मिलिमीटर बाहेर ठेवल्या आहेत आणि त्या मालिकेचा पुढचा डिरेलरही तेवढाच बाहेर पोहोचणारा केला आहे. रोड डिरेलरला तिथपर्यंत जाताच येत नाही. मागचा गिअर बदलला की डीआयटूची मोटर पुढचा डिरेलर आपोआप किंचित सरकवते हे खरे, पण ती त्याला त्याच्या पोहोचीपलीकडे नेऊ शकत नाही. ही साधी गोष्ट विक्रेत्याच्या ग्राहक-सेवेला पटवून देण्यात माझी सर्वांत जास्त शक्ती खर्ची पडली.

त्यांच्या परताव्याच्या अर्जात कारणासाठी चारच पर्याय होते: भाग तुटका आला, भाग सदोष आहे, मागवला त्याहून वेगळा भाग आला, ग्राहकाचा विचार बदलला. माझा क्रँक तुटका नव्हता, सदोष नव्हता, आणि मागवला तोच आला होता. चौथा पर्याय निवडला तर ‘बसवलेला भाग परत घेतला जाणार नाही’ अशी अट समोर येई. फोनवर बोलणाऱ्या ताई मला पुन्हा पुन्हा ‘सदोष’ निवडायला सांगत होत्या. मी तसे केले असते, तर तपासणीत क्रँक निर्दोष ठरला असता आणि अर्ज तिथेच फेटाळला गेला असता. शिवाय जे खरे नाही ते मी सही करून का लिहावे? दोन निर्दोष भाग एकमेकांशी जुळत नाहीत, असे म्हणायला त्या अर्जात जागाच नव्हती. त्यानंतर प्रत्येक वेळी नवा माणूस, नव्याने सगळी हकिगत आणि शेवटी तोच सल्ला: ‘ॲपमधून ट्रिम करून पाहा’, म्हणजे डिरेलर किंचित सरकवून पाहा. ग्राहकाचे पैसे आणि सुटीचे दिवस अडकलेले असताना, ज्याला चेनलाइन म्हणजे काय हे माहीत नाही त्याला तांत्रिक निर्णय द्यायला बसवणे ही बेपर्वाई आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अखेर मी फोन करणे थांबवले. व्हर्निअरने सीटच्या नळीचा व्यास मोजून त्याचा अर्धा भाग घेतला, नळीच्या कडेपासून दोन्ही चेनरिंगांच्या दात्यांपर्यंतची अंतरे मोजून त्यांची सरासरी त्यात मिळवली आणि मोजपट्टी दिसेल असे फोटो काढले. ते फोटो, शिमानोच्या सुसंगतता तक्त्याचे पान आणि विक्रेत्याचे ते लेखी आश्वासन एकत्र करून ‘मागवला त्याहून वेगळा भाग’ या पर्यायाखाली अर्ज केला, कारण मी ‘या संचाला बसणारा क्रँक’ मागितला होता. या वेळी कागद त्यांच्या कार्यशाळेतल्या कोणाच्या तरी हाती गेला असावा, कारण एकही प्रश्न न विचारता अदलाबदल मंजूर झाली. ते पत्र वाचून मला खरोखर हायसे वाटले.

बदली म्हणून मी १०५ चाच ५०/३४ क्रँक घेतला आणि मागे ११ ते ३६ दात्यांचे कॅसेट (मागच्या दातचक्रांचा संच) लावले. १०५ च्या मागच्या डिरेलरला ३६ दाते चालतात. सर्वांत हलका गिअर (पुढचे दाते भागिले मागचे दाते) ३० ला ३६ म्हणजे ०.८३ झाला असता, तो आता ३४ ला ३६ म्हणजे ०.९४ आहे. जानापावच्या शेवटच्या चढावर हा फरक पायांना कळतो, पण गिअर मात्र बिनचूक बदलतो.

दरम्यान दुसऱ्या एका दुकानदाराने श्रॅमचा ४६/३३ क्रँक सुचवला होता. तो मी नाकारला, कारण त्या चेनरिंग श्रॅमच्या फ्लॅटटॉप चेनसाठी बनवलेल्या असतात, तिचे रोलर शिमानोच्या चेनपेक्षा मोठे असतात. शिवाय त्याचा ‘डब’ नावाचा आस २८.९९ मिलिमीटरचा असल्यामुळे बॉटम ब्रॅकेटही बदलावे लागले असते.

क्रँक बदलल्यावर पुढच्या डिरेलरची उंची पुन्हा लावावी लागते; त्याची बाहेरची पट्टी मोठ्या चेनरिंगच्या दात्यांपासून १ ते ३ मिलिमीटर वर असावी. डाव्या क्रँकचे दोन्ही बोल्ट १२ ते १४ न्यूटन-मीटरने, आलटून पालटून, टॉर्क पान्यानेच आवळावेत. आणि हे खरे तर आधी सांगायला हवे होते: पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याकडून क्रँकची चेनलाइन मिलिमीटरमध्ये लेखी मागून घ्यावी. ‘बसेल’ हे उत्तर स्वीकारू नये.

जीआरएक्सचा क्रँक परत पाठवण्याचा कुरिअरखर्च विक्रेत्याने अजून दिलेला नाही. त्याची मागणी मी पावतीसह केली आहे, आणि ती मी सोडणार नाही.