आ ऐकू येतो, स ऐकू येत नाही

रविवार, दुपार

कानाची तपासणी करून आले. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचं आणि बारीकसा सूर ऐकू आला की बटण दाबायचं. २५० हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे सूर किती वरचा ते मोजायचं माप) ८००० पर्यंतचे सूर वाजवले. आलेख डावीकडे बरा आहे, उजवीकडे घसरत गेलाय. म्हणजे खालचे सूर शाबूत, वरचे गेले. तपासणाऱ्या मुलीने विचारलं, "काकू, घरी नेमका त्रास काय होतो?" मी म्हटलं, "आवाज येतो गं, शब्द लागत नाहीत." तिने लगेच मान डोलावली. या वयाची बहुतेक माणसं तिला हेच सांगतात म्हणे.

सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात माझी सगळी नोकरी स्टेनो म्हणून गेली. आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये काढलेली शॉर्टहँड, म्हणजे बोलण्याच्या वेगाने लिहायची खुणांची लिपी, व्यंजनांवर उभी आहे. प म्हणजे बारीक रेघ, तीच दाबून काढली की ब. त बारीक, द दाबून. स्वर म्हणजे कडेचे ठिपके आणि छोट्या रेघा. डिक्टेशनने वेग घेतला की ते गाळूनच टाकायचे. व्यंजनं हाती असली की टाइप करताना स्वर आपसूक भरले जातात. आता माझ्या कानाचं बरोबर उलटं झालंय. स्वर सगळे येतात, व्यंजनं गळतात. नुसत्या स्वरांवरून शब्द उभा करणं किती कठीण आहे हे माझ्याइतकं कुणाला कळणार!

कारण त्या मुलीने समजावलं, घरी येऊन मी आणखी वाचलं. आतल्या कानात शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यात केसाळ पेशी असतात, एका कानात साधारण १५ हजार. वरचे सूर टिपणाऱ्या पेशी नळीच्या अगदी तोंडाशी असतात आणि वयाबरोबर त्याच आधी जातात. गेलेल्या पुन्हा येत नाहीत. आ, ओ, ऊ यांचा जोर खालच्या सुरांत असतो, म्हणून ते टिकतात. स, श, फ यांचा जोर वर. स तर बराचसा ४००० हर्ट्झच्याही पुढे. आणि क, त, प हे क्षणभराचे स्फोट, आले कधी नि गेले कधी.

म्हणून ओरडून उपयोग होत नाही. माणूस ओरडतो तेव्हा स्वर मोठे होतात. स ओरडून बघावा, जमत नाही. शिवाय ओरडताना तोंड वेडंवाकडं होतं, मग ओठांवरून जे कळलं असतं तेही जातं. त्यात या कानाची आणखी एक अडचण अशी की हळू बोललेलं येत नाही आणि जोरात आलं की एकदम टोचतं. मधली जागाच अरुंद झाली. त्यामुळे "काय म्हणालास?" आणि "ओरडू नकोस रे" ही माझी दोन्ही वाक्यं तितकीच खरी असतात. मुलाला आज हे नीट बसवून सांगितलं.

आपल्या नागपूरचा मे म्हणजे कूलर सकाळपासून सुरू. त्या एकसारख्या घरघरीत उरलीसुरली व्यंजनं बुडतात. तरुण माणूस आवाजांच्या फटींतून बोलणं वेचून घेतो. वयाबरोबर मेंदूची ती चपळाई कमी होते. त आणि थ यांतला फरक सेकंदाच्या काही शतांशांचा, तो निसटतो. ज्यांचा आलेख चांगला येतो अशा म्हाताऱ्या माणसांनाही गर्दीत बोलणं लागत नाही, ते याच्यामुळे.

मग आम्ही काय करतो, तर भरून काढतो. रिचर्ड वॉरन नावाच्या संशोधकाने १९७० मध्ये एका इंग्रजी वाक्यातल्या 'लेजिस्लेचर्स' या शब्दातला स कापून तिथे खोकला टाकला. ऐकणाऱ्या २० पैकी १९ जणांना काही गाळलंय हे कळलंच नाही. मला याचं नवल वाटलं नाही. साक्षीदार खोकायचा, कुणी खुर्ची सरकवायचं, तरी माझ्या वहीत वाक्य पूर्ण असायचं. शब्दसाठा आणि संदर्भ वयाने कमी होत नाहीत, उलट वाढतात. त्यांच्या जोरावर आमचा दिवस निघतो. पण हे काम फुकट होत नाही. प्रत्येक वाक्य मनात जुळवायचं, तेवढ्यात पुढचं आलेलं असतं. संध्याकाळी चार पाहुणे येऊन गेले की माझं डोकं शिणून जातं. आम्ही घोळक्यात गप्प बसतो ते या थकव्याने, आणि लोक म्हणतात लक्ष नाही.

जिथे संदर्भच नसतो तिथे सगळंच अडतं. दवाखान्यातून फोन येतो, "सातला या" की "आठला या"? दोन्हींत आ तेवढा ऐकू येतो. जुन्या फोनमधून ३४०० हर्ट्झच्या वरचं फारसं जायचंच नाही, आणि ओठ तर कुठल्याच फोनवर दिसत नाहीत. मी आता सरळ "मेसेज टाका" म्हणते.

गोकुळपेठेतली भाजीवाली मात्र मला भर गलक्यात पूर्ण कळते. "सांभार महाग झाला जी, दहाचा एवढासाच येऊन राह्यला," असं ती कोथिंबिरीची जुडी (आमच्याकडे तिला सांभार म्हणतात) पुढे धरून, माझ्या तोंडाकडे बघून म्हणते. तो हेल मी जन्मापासून ऐकत आलेय, वाक्य कुठे वळणार ते मला आधीच ठाऊक असतं. नातू पुण्याहून आला की मोबाइलमध्ये मान घालून अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी भरभर बोलतो. त्याचं प्रेम कळतं, वाक्य कळत नाही. त्याला एवढंच सांगितलंय की आधी आजी म्हणून हाक मार, मी बघितलं की मग बोल, आणि नाही कळलं तर तेच वाक्य पुन्हा म्हणू नकोस, दुसऱ्या शब्दांत सांग.

कानाचं मशीन घ्यायचं ठरवलंय. त्याने कान पूर्वीसारखा होणार नाही, गोंगाटही वाढून येईल, सवय व्हायला काही आठवडे लागतील. तरी घेणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने साठीपुढच्या २५ टक्क्यांहून जास्त लोकांना अडचण होण्याइतकं कमी ऐकू येतं. यातले किती जण कानाच्या डॉक्टरकडे जातात?

हे लिहिताना सारखी कोर्टातली एक मैत्रीण डोळ्यांपुढे येतेय. ती भिशीला यायची बंद झाली. बायका म्हणतात, तिला भ्रम झालाय, विचारावं एक तर सांगते भलतंच. मला याचा राग येतो. तिने प्रश्न अर्धा ऐकला आणि उरलेला अंदाजाने भरला असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. खरंच विसरायला होत असेल तरी कान आधी तपासायला हवा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२० च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यावर काही करता येतं अशा कारणांमध्ये कमी ऐकू येणं धरलं आहे.

फोनवर तिला यातलं काही कळायचं नाही. उद्या ऊन चढायच्या आत तिच्या घरी जाते. समोर बसून सांगेन आणि तपासणीची वेळ दोघींची एकदमच घेईन.